एक ते चार

कुडचड्यात दुपारी एकला शटर पडतं.
आमचं अर्ध्यावर. खालून उजेडाची एक पट्टी आत येते,
तिच्यातून टिपरची चाकं जाताना दिसतात
आणि लाल धूळ काउंटरच्या पायाशी बसते.
इनासबाब शीतकडी जेवून येतात,
खोकल्याच्या बाटल्या कोपराने सारून
पट मांडतात. काळा उंट कधीचा हरवलाय,
त्याच्या जागी आयोडीनच्या बाटलीचं बूच.

मी इथे आले औषधं लावायला,
तारीख उलटलेली पाकिटं वेगळी काढायला.
बुद्धिबळ पगाराबाहेरचं.

सहा महिने त्यांनी एकही डाव शिकवला नाही.
एवढंच म्हणत,
बाय, सोंगटी कुठे गेली ते अख्खा गाव बघतो.
ती कुठून उठली ते बघ.
उठली म्हणजे कुणालातरी राखायचं सोडून उठली.
पोदेराचा भोंगा ऐकून तू गेटाकडे धावतेस,
तव्यावरचे बांगडे कुणाच्या भरवशावर?

मग मी बघू लागले.
फोंडू मास्तर प्यादं मिळालं की हुरळतात,
त्यांची मागची ओळ मोकळी पडते.
तीन रविवार मी त्यांना त्याच दारातून आत शिरून मारलं
आणि तिन्ही रविवारी ते म्हणाले, आज डोकं दुखत होतं.
टिपरवाल्या रोझारियोला शह दिसला की देतोच,
गरज असो नसो, हॉर्न दिल्यासारखा.
त्याचा वजीर माझ्या कोपऱ्यात शिरला
की मी एक प्यादं सरकवते. बाहेरून कडी.

पण इनासबाब चुकत नसत.
चाळीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचलेला माणूस,
एका शून्याने काय होतं ते ठाऊक असलेला.

त्या मंगळवारी त्यांचा बुचाचा उंट उठला
आणि हत्ती एकटा राहिला.
माझा वजीर त्याच ओळीत. मध्ये एकही सोंगटी नाही.
मी हात पुढे केला, मागे घेतला.
घेतला तर घोडा येईल? नाही.
मागून शह? नाही. तरीही.
अकरा मिनिटं मी नसलेला सापळा शोधत बसले,
शेवटी कडेचं एक प्यादं हलवलं, घाबरलेलं.
त्यांनी हत्ती उचलून सुरक्षित ठेवला.
साडेतीनला मला मात.

हरल्याचं काही नाही. ते पट मागे नेऊ लागले,
खेळी खेळी करत त्याच जागी आले.
हत्ती फुकट होता, म्हणाले.
मला वाटलं, तुम्ही मुद्दाम...
मुद्दाम कसला! हात सुटला तेव्हाच मला कळलं.
मग मी काय केलं?
आठवून म्हटलं, चष्मा पुसला.
आणि मी चष्मा कधी पुसतो?

दुकानात रोज बघते मी ते.
चिठ्ठीवरचं अक्षर लागलं नाही की.

आदर ठेव, ते म्हणाले, पण पटाबाहेर ठेव.
चुकलेल्या माणसाला चुकलेला न समजणं
हा त्याचा अपमान, बाय. आणि तुझा हत्ती गेला तो वेगळाच.

चारला शटर वर गेलं. उजेड एकदम आत आला.
पहिलीच एक म्हातारी, कापशेची,
घामाने भिजून मऊ झालेली चिठ्ठी घेऊन.
इनासबाबनी ती उजेडाकडे धरली. चष्मा पुसला.
गोळ्यांची पट्टी काढून काउंटरवर ठेवली
आणि पिशवीकडे वळले.

मी पट्टीकडे बघितलं नाही.
हात कुठल्या खणातून उठला ते बघितलं.
वरच्या. पाचशेच्या.
चिठ्ठी ओढून वाचली, मग पट्टीवर तळवा ठेवला.
अडीचशे, मी म्हटलं.

म्हातारी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे.
रस्त्यावर एक टिपर भरून गेला, बाटल्या किणकिणल्या.
इनासबाबनी खालचा खण उघडला, पट्टी बदलली,
सुटे पैसे मोजून दिले, दोनदा मोजले.
ती गेल्यावर बूच उचलून खिशात टाकलं.

उद्या पांढरं तू घे, म्हणाले.
आणि बस त्या बाजूला, जिथून खण दिसतात.