बाय

आठवीचा वर्ग, जेवणानंतरचा तास.
फळ्याला मधोमध भेग आहे, म्हणून
ॲक्टिव्ह डावीकडे, पॅसिव्ह उजवीकडे,
मला रेघ मारावी लागत नाही.

कर्म उचलायचं, पुढं आणून बसवायचं.
मग काळ पाहून इज, आर, वॉज, वेअर.
मग क्रियापदाचं तिसरं रूप.
कर्ता सगळ्यात शेवटी,
'बाय'चं बोट धरून.

"बाय शेवटीच काहून येते जी, बाई?"
खिडकीपासचा रितिक टेकाम.
वर्ग हसला, मीही हसले,
आणि चौकटीतला नियम वाचून दाखवला:
कर्ता ठाऊक नसेल,
किंवा सांगायची गरज नसेल,
तर बाय गाळली तरी चालते.
वाक्याला काही होत नाही.

पाच-पाच वाक्यं लिहा म्हटलं, आपल्या मनानं.

पाथ्रडच्या फाट्यावर एसटीची वाट पाहत
मांडीवर वह्या तपासल्या.
कापूस वेचला गेला. वावर निंदलं गेलं.
पाणी भरलं गेलं, भिंत सारवली गेली,
डबा दिला गेला.
अठ्ठावीस वह्यांत बाय कुठंच नाही.
व्याकरण बरोबर होतं.
मी बरोबरच्या खुणा करत गेले.

एकट्या आसावरी भोयरनं गाळली नव्हती.
द कॉटन वॉज पिक्ड बाय माय मदर,
शेवंता मावशी, लंकाबाई, कुसुम काकू
अँड सेव्हन विमेन फ्रॉम हिवरा.
वाक्य समास ओलांडून
पानाच्या काठावरून खाली वळलेलं.
मी लाल पेनानं लिहिलं: फार लांब.

एसटी आली नाही. अंधार पडेपर्यंत
ते तीन शब्द तोंडात घोळत राहिले,
बाय, माय, मदर.
इंग्रजीत तिघांची कामं वेगळी.
आमच्या गावात तिघी एकाच बांधावर बसून
एकाच फडक्यातली भाकर खातात.

दुसऱ्या दिवशी वही परत घेताना तिनं विचारलं,
"माय म्हणते, माह्याच्यानं आता कापूस वेचवत नाही.
हे ॲक्टिव्ह होय का पॅसिव्ह?"

डी.एड.ला शिकले होते: शक्य कर्मणी.
नाव शक्य, आणि लोक वापरतात ते
हातून होईनासं झाल्यावर.
भेगेच्या उजवीकडे लिहायला गेले, थांबले.
डावीकडे कॅनॉट लिहिलं, पुसलं.
कॅनॉट म्हटलं की बाई बसलेली दिसते.
वेचवत नाही म्हणणारी बाई
सकाळीच ओटी बांधून तासात उभी असते,
हात बोंडापर्यंत जातो,
बोटंच मिटत नाहीत.

"याले इंग्रजीत जागा नाही का?"
"असेल," म्हटलं. "मला माहीत नाही."
वर्गात हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलले.

महिनाअखेरीचा अहवाल गुल्हाने बाबू लिहितात.
इयत्ता आठवीस इंग्रजीचे अध्यापन करण्यात आले.
एकूण तासिका चोवीस.
मी तासिकेवरची बाई,
खाली सही केली, तारीख टाकली.

मग आसावरीची वही पुन्हा मागितली.
'फार लांब' खोडलं, कागद फाटेपर्यंत.
बाजूला लिहिलं:
हिवऱ्याच्या सात जणी कोण? विचारून ये.

सोमवारी ती घेऊन आली.
पाच नावं, पेन्सिलीनं, एकाखाली एक,
एका नावापुढं 'हिचं पोरगं आपल्याच शाळेत, पाचवीत'.
दोघी मध्य प्रदेशाकडून आलेल्या होत्या म्हणे,
वेचणी संपली तशा गेल्या,
नाव कोणी विचारलं नव्हतं.
तिथं तिनं 'बाय' लिहून
दोन रिकाम्या ओळी सोडल्या आहेत.