आठ मिनिटांत तेरा

मी ते कार्टून कधी नीट बघितलंच नाही.
मांडीवर सूप, सुपात पाला, डोळे कात्रीच्या टोकाला;
मागे मौनिका, भिंतीला टेकवलेला मोबाईल.
माझं सगळं आकाश कानांतून आलेलं.

हेल्मेट घातलेली एक खार आहे म्हणे.
ती सांगते, सूर्यापासून निघालेला उजेड
आपल्या दारात यायला आठ मिनिटं लागतात.
मी मोजून बघितलं: आठ मिनिटांत माझ्या तेरा विड्या.
दोरा गुंडाळून, तोंड मुडपून, तेरा.
म्हणजे उंबऱ्यावरचं हे ऊन निघालं
तेव्हा ही जुडी अर्धीसुद्धा नव्हती.

नवरा कारखान्यात टॉवेल विणतो,
शनिवारी न चुकता तेल वाहतो.
आणि हिच्या मोबाईलमध्ये शनी
गुबगुबीत, आळशी, कमरेला कडं,
खारीला म्हणतो, गुदगुल्या नको.
हा इतका हलका की पाण्यावर तरंगेल, खार म्हणाली.
मौनिकानं जेवताना विचारलं,
"नान्ना, सिद्धेश्वरच्या तळ्यात मावेल का?"
भाकरी मोडता मोडता त्याचा हात थांबला.
साडेसाती हलकी असते
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
पुढच्या शनिवारी तेल वाहिलंच त्यानं,
बाटली तेवढी लहान घेतली.

प्लूटोला छाटलं म्हणे, मोजमापात बसला नाही म्हणून.
मला डेपोतला चेकर आठवला,
मूठभर विड्या कुस्करून बाजूला टाकणारा.
"फिरतोय ना अजून तिकडंच?"
"फिरतोय."
मग ठीक.

मे महिन्यात एका रात्री लाईट गेली
आणि आख्ख्या गल्लीतले माग एका दमात थांबले.
जन्मापासून खटखट ऐकलेल्या कानांना
आधी वाटलं, आपणच बहिरे झालो.
"अम्मा, अवकाशात असंच असतं.
कार्टूनमध्ये रॉकेटचा आवाज येतो ना,
ती चूक आहे त्यांची."
खारीची चूक काढली हिनं. नऊ वर्षांची.

गच्चीवर फरशी अजून चटके देत होती.
तिनं बोट केलं: तो पिवळसर, न लुकलुकणारा.
कडं दिसत नव्हतं. तिचं तोंड एवढंसं झालं.
मी म्हटलं, विडीचा दोरा तरी
समोरच्या गच्चीवरून कुठं दिसतो?
पण असतो. नसता तर पान उलगडलं असतं.
"तसं नसतं, अम्मा. कडं काही बांधून ठेवत नाही.
बर्फाचे तुकडे असतात नुसते. फिरणारे."

अंधारातही वळता येतात मला, सूप वर आणलं होतं.
हात तंबाखूत तसेच राहिले.
तुकडे, म्हणाली. नुसते. आणि लांबून कडं.
किती मिनिटं गेली काय की,
खाली कुणाचा तरी पहिला माग सुरू झाला.