स्क्रू, एक पॉइंट चार

अर्जात शेवटी एक चौकोन होता:
तुम्हाला का यायचं आहे? दोनशे शब्दांत लिहा.
रास्ता पेठेतल्या वर्कशॉपमध्ये एकोणतीस वर्षं
मी चष्म्याच्या काचा घासल्या.
कुणाला किती धूसर दिसतं
ते काच हातात घेऊन सांगेन.
पण 'का' असं मला कुणी विचारलं नव्हतं.

चौकोन आठ दिवस रिकामा.
सेवा लिहिलं, खोडलं.
समाजाचं ऋण लिहिलं, ते तर
निरोप समारंभातलं भाषण झालं, शाल-नारळासकट.
खरं असं, की एका मंगळवारी
भवानी पेठेतली एक गोधडीवाली
नवा चष्मा लावून माझ्यापुढे बसली,
सुई डोळ्यांसमोर धरली नि म्हणाली,
"अगंबाई, भोक आहे की हिला!"
ते वाक्य मला पुन्हा ऐकायचं होतं.
हा हव्यास झाला.
तसंच लिहिलं. बावीस शब्द भरले.

निनाद म्हणाला, आई, मलावीच का?
हडपसरच्या पुढे गेलीस तरी
चष्मे लागतातच लोकांना.
बरोबर बोलला,
म्हणूनच राग आला.
खालचे सोहोनी जिन्यात थांबवून म्हणाले,
"या वयात? बीपी आहे ना तुम्हाला?"
मग हळूच, "देतात किती?"
काहीच नाही म्हटल्यावर
डोळे बारीक करून बघत राहिले.
नंबर वाढलाय त्यांचा, मी मनात नोंद केली.

मग कामं निघाली.
पासपोर्टसाठी मुंढव्याला दोन खेपा.
चौकीतून हवालदार आला, चहा घेतला.
"परदेशात नोकरी?"
"नाही हो, फुकट."
त्याने पेन बराच वेळ हवेत धरलं
आणि शेवटी 'पर्यटन' लिहिलं.
पिवळ्या तापाची लस, तीन दिवस दंड जड.
रात्री कुकरच्या शिट्ट्या मोजत शब्द पाठ केले.
मोनी म्हणजे नमस्कार.
झिकोमो म्हणजे आभार.
'माफ करा, मला कळलं नाही'
हे पुस्तकात नव्हतंच.
तेच आधी लागणार.

निघायला महिना असताना
झोंबाहून चिकोंडीचा निरोप आला.
तिथलं वर्कशॉप ती चालवते.
इथे तीन मुली काच घासतात, चांगली घासतात.
हातांची वानवा नाही. स्क्रूंची आहे.
दांडीचे, एक पॉइंट चारचे, दोन हजार. जमेल?
माझ्याबद्दल एकच ओळ, तळाशी:
तुम्हीही आलात तर बरंच.

त्या 'तर'वर मी दोन दिवस बसून राहिले.
तिकिटाच्या पैशांत किती स्क्रू येतील
ते लाइट बिलाच्या मागे मांडलं.
आकडा सांगत नाही.
अफझलभाईंना दाखवला.
ते भिंग डोळ्याला तसंच ठेवून म्हणाले,
"पहिला स्क्रू बसवताना तुमचा हात किती कापायचा, ताई.
शेजारी कुणी असलेलं बरं असतं.
फक्त शेजारीच बसा.
मोठी खुर्ची मागू नका."

वर्षाचे मी तीन महिने करून घेतले.
वर्षभराचे वाचवलेले पैसे होते, ते उरले.
बोहरी आळीतला माणूस हसला,
"एवढे बारीक? घड्याळवाल्याकडे जा."
घड्याळवाल्याने दुसरीकडे पाठवलं,
दुसऱ्याने मागवून दिले, आठ दिवसांनी.
दोन हजार स्क्रू, वजन
मेतकुटाच्या डब्याइतकंही नाही.
मला वाटलं होतं, बॅग उचलवणार नाही.

आदल्या रात्री कुलपं तपासताना
माझ्याच चष्म्याची दांडी निखळली.
फरशीवर चाचपलं, सापडलं नाही.
पुडी उघडली. एक घेतला.
दिव्याखाली धरून बसवला,
हात अजून कापत नाही.
मग चिकोंडीला कळवलं:
येतेय.
एक हजार नऊशे नव्व्याण्णव.