तीन दातांची फणी

आधी पोट बघ, मी त्याला म्हणाले होते.
पाठ काय, कुणालाही दाखवता येते.
छेचाळीस नंबरचं पोट कोरं, पांढरं.
एकशे त्र्याहत्तरचे पट्टे मात्र खाली उतरतात,
ओल्या कापडाचा रंग अस्तराला लागावा तसे.

दोन्ही आकारीच. दोन्ही दगडाला तोंड लावून जगणारे.
दोन्ही काळेपांढरे, तळहातात मावणारे, हट्टी.
पण छेचाळीसची रेघ सरळ शेपटीकडे निघते,
आणि दुसऱ्याची वाटेत अडखळते, परत फिरते,
काहीतरी घरी विसरल्यासारखी.

अकरा वर्षांचा होता एवांद्रो.
बाप नळी दातांत धरून शिंगूच्या तळाशी,
वर बोटीत कॉम्प्रेसर खोकत असायचा,
आणि पोर माझ्या अंगणात, निळ्या घमेल्याशी उकिडवं.
पिवळ्या ठिपक्यांचे सोपे वाटतात, म्हणूनच फसवतात, मी सांगायची.
ठिपके वाटाण्याएवढे की मोहरीएवढे?
शेपटीची किनार बघायची, पण तिच्यावर विसंबायचं नाही,
वयानं ती झिजते.
तेव्हा माझ्या केसांकडे बघून हसला होता, मेला.

आणि शेवटी नाक.
छेचाळीसच्या नाकाडावर, डोळ्यांच्या पुढे,
एक आडवं अक्षर असतं: तीन दातांची मोडकी फणी.
मला वाचता येत नाही, पण हे येतं.
त्यानं मासा उलटसुलट केला आणि ओरडला,
झुल्मिरा मावशी, हे तर माझं अक्षर!
माझं नाव इथूनच सुरू होतं!

मग धरण झालं.
नदीच्या वळणावर दगड उघडे पडले,
पाण्याबाहेर कधी न आलेले दगड,
त्यांच्या फटींत उन्हानं भाजलेला वास.
छेचाळीसवर बंदी होतीच, आता भावही चढला.
एका माशात महिन्याचा तांदूळ.
कोण कुठल्या थंड गावात, काचेमागे,
दिवा लावून त्याच्याकडे बघत बसतं, देव जाणे.

काल रात्री क्लेउदेनिर साहेब दारात उभे.
हातात पिशव्या, मागे एवांद्रो. वीस वर्षांचा.
धक्क्यावर धरला म्हणाले.
हा म्हणतो साधे आहेत. तू सांग.
पोराच्या तोंडचं पाणी पळालेलं,
पिशव्यांतलंही गरम, गढूळ, संपत आलेलं.

आधी पाणी, मी म्हटलं.
घमेलं भरलं, हवेची नळी सोडली.
एकवीस होते. सगळे राखाडी, पट्टा एकाचाही धड दिसेना.
भ्यालं की यांचा रंग उडतो, साहेब. थांबावं लागेल.
साहेब खुर्चीत बसले. मी कॉफी केली.
कुणी काही बोललं नाही.
नळीचे बुडबुडे तेवढे.

वाट बघताना मी मनात खोटं जुळवत होते.
दोघांत फरक करणं कठीण, म्हणेन.
शिकलेले लोकही चुकतात, म्हणेन.
पोराला ओळखता येत नाही, साहेब,
हा कधीच नीट शिकला नाही,
असं म्हटलं की सुटेल.
सगळ्यात सोपं वाक्य तेच होतं.

पहाटे काळं परत आलं, एकेक रेघ,
कुणीतरी पुन्हा गिरवत असल्यासारखी.
मी एक उचलला. पोट. कोरं.
साहेब वाकले. काय?
मी तोंड उघडलं,
याला कुठे काय कळतंय, म्हणायला,
आणि एवांद्रोनं माझ्याकडे बघितलं,
अकरा वर्षांच्या डोळ्यांनी, दुखावल्यासारखं.

मला कळतं, तो म्हणाला.
वीस छेचाळीस आहेत. हा कोपऱ्यातला एक तेवढा दुसरा.
बाकीच्यांच्या नाकावर माझं अक्षर आहे.

साहेबांनी वहीत लिहिलं.
मी कोपऱ्यातला उचलून बघितला.
पोटावर रेघा उतरलेल्या होत्या.
बरोबर होतं त्याचं.