मंगळवार, साडेचार

भुसावळला, जामनेर रोडवरच्या खोलीत
फिरके मॅडमचा पंखा कुरकुरतो.
मी सांगत सुटतो : रावेरचा भाव, अडकलेला ट्रक,
रात्री तीनला छातीवरून जाणारी मालगाडी,
गाडीच्या आवाजात भाऊ.

त्या मध्येच हातावर केळं ठेवतात.
'सोला. सावकाश.'

मला हसूच येतं.
वीस वर्षं घड मोजले, फण्या मोजल्या,
साल सुटताना कधी ऐकली नव्हती.

देठाशी किंचित हिरवं.
बोटांना थंड.
एक घास. जिभेवर थांबू दिला.
पंखा कुरकुरतोय तो कुरकुरू दिला.

'आता भावाचं सांगा.'

गाडी येते. येतेच.
या खेपेला मी रुळांवर नाही,
फाटकाशी उभा, हातात साल.

'मले म्हने, येतो,' मी म्हणतो,
'अन् आलाच नाही.'

मग उरलेलं केळं खातो.