नाव आणि पत्ता मोठ्याने सांगा

बत्तीस वर्षं मी टाउनहॉलच्या या घडीच्या टेबलाशी बसते,
मतदारयादी पुढ्यात, मोजपट्टी हाताशी,
आणि दर निवडणुकीला माझा नवरा रांगेतून पुढे येतो.
विस्कॉन्सिनचा कायदाच आहे: नाव आणि पत्ता मोठ्याने सांगा.
"ऑरिन टॉलफसन," तो म्हणतो,
मग आमच्या घराचा पत्ता,
जणू मी तिथे कधी राहिलेच नाही.
मी पट्टी सरकवते. सापडतो.
माझ्याच वरच्या ओळीत.

चार वर्षांपूर्वी आताचे राष्ट्राध्यक्ष
काउंटीच्या जत्रेत आले होते मतं मागायला.
तळलेलं चीज खाल्लं, बोटं पँटला पुसली.
ऑरिन म्हणाला, "बघ, रुमाल मागितला नाही."
एवढ्यावर ठरतं का माणसाचं मत?
ठरतं. माझंही तेवढ्यावरच ठरलं,
उलट.

टपालपेटीच्या डावीकडे त्याने त्याची पाटी रोवली,
उजवीकडे मी माझी.
डिसेंबरात बर्फ ढकलणाऱ्या गाडीने दोन्ही एकदम लोळवल्या
आणि आम्ही दोघांनी मिळून रस्तेखात्याला शिव्या घातल्या.
त्या हिवाळ्यातलं तेवढंच एकमत.

बाकी अबोला.
"हर्बी, त्यांना सांग मीठ द्यायला,"
असा, कुत्र्याला मध्ये घालून.
थँक्सगिव्हिंगला थोरलीने टर्की कापता कापता
सुरी खाली ठेवली, म्हणाली, हवामानावर बोला.
आम्ही हवामानावरून भांडलो.

मग दुधाच्या भुकटीची निर्यात अडली.
कोणी कोणाची अडवली, ते बातम्यांत रोज वेगळं.
चीज कारखान्याची रात्रपाळी मात्र एकदाच बंद झाली
आणि तिच्यात ऑरिनचा भाऊ होता, लाइल.
ऑरिन काही बोलला नाही.
खुंटीवरची ती प्रचाराची टोपी तेवढी दिसेना.
मार्चमध्ये गोठ्याच्या माळ्यावर सापडली.
मांजरीने तिच्यात पिल्लं घातली होती
आणि खाली कोणीतरी जुना टॉवेल अंथरला होता.
मी उतरले. शिडी जागेवर ठेवली.
ब्र काढला नाही.

कारण माझंही एक होतं.
आर्डिसच्या, माझ्या बहिणीच्या, इन्सुलिनची किंमत उतरली.
बिल तिने फोनवर दोनदा वाचून दाखवलं.
कायद्यावर सही त्याच माणसाची,
ज्याचा चेहरा दिसला की मी टीव्ही बंद करायचे.
"बरं झालं," म्हटलं.
त्या रात्री जेवताना सवयीने मी त्याला नावं ठेवली,
सवयीने ऑरिनने बाजू घेतली,
आणि दोघांचाही आवाज जरा कमी पडला.
मीठ त्याने थेट माझ्या हातात दिलं.
हर्बी गोंधळून दोघांकडे बघत राहिला.

आज पुन्हा समोर उभा. खांद्यावर ओला बर्फ, चष्म्यावर वाफ.
"नाव?"
"तुला माहीत आहे, व्हर्ना."
"मोठ्याने."
रांगेत कोणीतरी खोकलं.
"ऑरिन टॉलफसन. एस चार हजार बारा, हिकरी रिज रोड."
आणि उगाच जोडलं: "निळ्या छपराचं."
कायद्यात ते बसत नाही. मी टिकमार्क केली.

एरवी त्याला पडद्याआड मिनिटभर लागतं.
आज माझ्या टेबलावरून अकरा जण गेले
तरी त्याचे बूट तिथेच,
भोवती वितळलेल्या बर्फाचं डबकं.
माझं मत सकाळी सातलाच झालं होतं.
मी किती वेळ उभी होते,
ते मोजायला टेबलाशी कोणी माझं नव्हतं.

रात्री पिकअपमध्ये हीटर खडखडत होता.
"कोणाला?"
"गुप्त असतं ते. तूच सांगत असतेस."
मग मैलभर नुसता वायपर,
त्याच्या बाजूचा. माझ्या बाजूचा केव्हापासून अडकलाय.
टपालपेटीशी त्याने गाडी थांबवली.
यंदा पाट्या नव्हत्या, ना त्याची ना माझी,
आणि ते आम्ही एकमेकांना विचारलंही नव्हतं.
"बघ काही आलंय का," म्हणाला.
काच उतरवून मी हात घातला.
विजेचं बिल.
दोघांच्या नावाचं.