उलटी वही

जुनी वही फेकू नये, असं जिल्ह्याच्या साहेबाचं पत्र आलं,
कागद महाग आहे, बोटीनं येतो.
म्हणून मी ती उलटी केली
आणि शेवटच्या पानापासून सुरुवात केली:
अनोमासो स्थानिक परिषद, गोल्ड कोस्ट, सन एकोणीसशे बावन्न.

पुढून वाचलं तर अजून राजाचाच कारभार:
गादीसाठी मेंढी, दंडाची दारू,
जमिनीच्या खटल्यात वकिलानं खाल्लेले नव्वद पौंड,
ज्यांचं व्याज आम्ही पाच हंगाम कोकोत मोजलं.
मागून वाचलं तर पट्टी, परवाना, बाजारगाळा,
सूचक, अनुमोदक, हजर, गैरहजर.
अक्षर एकच, माझं.
शाई तेवढी आता सरकारी.

पहिल्या सभेला सभासद बारा अन् खुर्च्या नऊ.
नाना येबोआ, आमचे राजे, अध्यक्ष झाले,
मत मात्र त्यांना नाही.
त्यांची मोठी छत्री मिटून दाराशी उभी होती,
येणारा जाणारा तिला अडखळत होता.
डोंकोर मास्तर म्हणाले, आता आपलं राज्य.
टाळ्या झाल्या.
विषय दुसरा: संडास.
विषय तिसरा: पैसे.

पैसे झाडांत होते, आणि झाडं आजारी.
फांद्या सुजतात, पानं पिवळी पडतात,
खाकी चड्डीतली पोरं खोडावर चुन्याची फुली मारून जातात,
दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड.
भरपाई मिळेल.
कधी, ते परिपत्रकात नाही.

अब्राफी आली तो बाजाराचा दिवस नव्हता.
तीनशे झाडं होती तिची, उरली एकोणतीस.
पट्टीची नोटीस टोपलीत, भेंडीच्या वर.
म्हणाली, माझं नाव शोध.
सापडलं. मागून अकरावं पान, बाकी दहा शिलिंग.
"आता पुढून शोध."
तिथंही होती. गादीची बाकी, सहा शिलिंग.
खोडलेली नव्हती.
कुणी खोडायची, हे मला कुणी कळवलं नव्हतं.

तिला वाचता येत नाही.
वही तिनं माझ्या हातातून घेतली,
दोन्हीकडची भरलेली पानं दोन मुठींत धरली
आणि मधली कोरी पानं अंगठ्यानं फडफडवली.
"ही कुणाची?"
अजून कुणाचीच नाहीत, मी म्हणालो.
"किती?"
मोजली. एकवीस.
नोटीस टेबलावर ठेवून, भेंडी घेऊन ती गेली.

रात्री कंदिलाशी पुन्हा मोजली,
तर एक पान दुसऱ्याला चिकटलेलं निघालं.
सुरीनं सोडवायला घेतलं,
मग तसंच राहू दिलं.